काठी नव्हे, आयर्न

मी एक काठी बोलते आहे. हे नाव मी अलीकडे स्वीकारले. त्यापूर्वी चार वर्षे या घरात कोणी मला काठी म्हटले की माझा धनी लगेच दुरुस्ती करी, "काठी नव्हे, आयर्न." त्या दुरुस्तीने मी फुगत असे. पुढे जे घडले त्याचे मूळ त्या फुगण्यातच आहे, म्हणून ते प्रथम सांगितले.

मी गोल्फ खेळण्याची सात क्रमांकाची काठी; लोखंडी डोक्याच्या अशा काठीला खेळाडू आयर्न म्हणतात. डोके लोखंडाचे, दांडा पोलादाचा, मूठ रबराची. माझा जन्म इंग्लंडमधील एका कारखान्यात झाला. तेथे मला ठोकले, घासले, खोक्यात घातले, आणि खोके जहाजावर चढवले. बाहेर आले ती सिंगापुरात. ज्या देशात हा खेळ माळरानावर मेंढ्यांच्या शेजारी खेळतात त्या देशाची मी. पण तेथील गवताचे एक पातेही माझ्या अंगाला लागले नाही.

माझा पहिला मालक इंग्रज होता. शिपयार्डात तो माझ्या आताच्या धन्याचा वरिष्ठ. १९९३ साली मायदेशी परतताना त्याने मला शामकांतच्या हाती दिले. माझ्याबरोबर एक जाड पुस्तकही दिले. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत गोल्फ कोठे खेळावा, याचे ते पुस्तक. प्रत्येक पानावर एक गाव, गावाचे मैदान, आणि रंगीत छायाचित्र.

शामकांत मरीन इंजिनीअर. पंधरा वर्षे जहाजांवर काढून तो बंदरात स्थिरावला होता. शहरातल्या बुकित पंजांग वस्तीत अकराव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. घरात पत्नी जयवंती आणि बारा वर्षांची मुलगी ऋता. मला दारामागे छत्र्यांच्या डब्यात जागा मिळाली. पुस्तकाला काचेच्या कपाटात, देवाच्या पोथ्यांच्या शेजारी. पहिल्याच दिवशी मी हा भेद पाहिला, आणि विसरले नाही.

एका शनिवारी शामकांतने यार्डातून फोन केला. "उद्या सकाळी प्रबोध न्यायला येतोय. माझं आयर्न दाराशी काढून ठेव."

रविवारी प्रबोध आला. तो शामकांतचा जहाजावरचा जुना सोबती. दाराशी पाहतो तो कपड्यांची इस्त्री, वायर नीट गुंडाळून ठेवलेली.

"वहिनी," प्रबोध म्हणाला, "शाम्या आज चेंडू मारणार आहे की चेंडूला इस्त्री करणार आहे?"

"मला काय ठाऊक!" जयवंती म्हणाली. "आयर्न म्हणाले, आयर्न ठेवली. काठी म्हणाले असते तर काठी ठेवली असती."

"अगं, काठी नव्हे..." शामकांत म्हणाला.

"आयर्न! कळलं. मग आता कपड्यांच्या आयर्नला मी काय म्हणू?"

आतून ऋता आपल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "आई, दॅट वन जस्ट कॉल सेव्हन, लाह!"

सगळे हसले. मी हसले नाही. मला वाटले, माझा मान राखला गेला.

आम्ही जात असू ती रेंज, म्हणजे नुसती सरावाची जागा. पायाखाली प्लास्टिकची हिरवी चटई आणि समोर उंच जाळी. खऱ्या मैदानावर उतरण्यासाठी खेळ येत असल्याचे प्रमाणपत्र लागे, ते शामकांतजवळ नव्हते. दर रविवारी तो शंभर चेंडू मारी. घामाने माझी मूठ भिजे. पण चेंडू जाळीत गेला की तो प्रबोधला पुस्तकातले सांगू लागे. हातात मी असे. तोंडी ते असे.

घरी आल्यावर मला डबा आणि पुस्तकाला मांडी. संध्याकाळी शामकांत पुस्तक उघडी आणि जयवंती भाजी निवडता निवडता ऐके.

"हे बघ, नॉरफकमधलं एक मैदान. भरती आली की वाट पाण्याखाली जाते. खेळणाऱ्यानं भरतीचं वेळापत्रक पाहून घराबाहेर पडायचं." जहाजी माणसाला हे फार आवडे. "आणि हे डेव्हनचं. गावाचं सामाईक कुरण आहे. मेंढ्या तिथंच चरतात."

"मेंढ्यांत चेंडू मारायला एवढ्या लांब कशाला? आमच्या फलटणला चला. मेंढ्या आहेत, कुरणं आहेत, मामा चहासुद्धा देईल."

"या तिसऱ्या गावात खेळणाऱ्यानं लाल सदराच घालायचा असा नियम आहे. फिरायला आलेल्या लोकांना लांबून दिसावा म्हणून."

"लाल सदरा तुम्हाला शोभत नाही," जयवंती म्हणे, आणि पुढचे पान पाहण्यासाठी वाकत असे.

मी दारामागून ऐकत असे. ते गवत माझे होते. त्या मातीतल्या कारखान्याने मला घडवले होते. आणि ज्याला हात नाही, पाय नाही, ज्याने जन्मात एक चेंडू उडवला नाही, ते कागदाचे गाठोडे त्या गवताचे मालक होऊन बसले होते. मत्सर प्रथम असाच बोलतो. तो स्वतःला न्याय म्हणवतो.

१९९६ साली शामकांतने ठरवले की पुढच्या मे महिन्यात तीन आठवड्यांची रजा घ्यायची आणि तिघांनी इंग्लंडला जायचे. जेथे प्रमाणपत्र मागत नाहीत अशा सहा गावांवर त्याने पेन्सिलने खुणा केल्या. गावोगावी पत्रे लिहिली. उत्तरे आली, तीही पुस्तकाच्याच पोटात गेली. मी मात्र आनंदात होते. काठीवाचून खेळ कसा होणार?

मग एका संध्याकाळी जयवंतीने विचारले, "अहो, ती काठी विमानात घेतात का?"

"ती कशाला न्यायची? तिथे भाड्यानं मिळतात. पुस्तक मात्र हातातल्या बॅगेत ठेवायचं."

ती काठी. त्या दिवशी त्याने दुरुस्तीही केली नाही.

तीन दिवसांनी खंडेनवमी आली. शामकांतच्या घरी हा दिवस कधी चुकला नाही. जहाजावर असतानाही तो इंजिनरूममध्ये नट आवळायच्या पान्यांना हळदकुंकू लावी. त्या वर्षी जयवंतीने टेक्का बाजारातून झेंडू आणला. शामकांतचे पाने, मोजपट्टी, विळी, ऋताची कंपासपेटी, सगळे एका पाटावर मांडले. दुसऱ्या दिवशीच्या सरस्वतीपूजनाची पुस्तकेही जागेअभावी त्याच पाटावर आली. मीही पाटावर होते, आणि माझ्या शेजारी ते पुस्तक आले. दोघांवर एकाच बोटाने कुंकू लागले. शामकांतने हात जोडले, "प्रवास सुखरूप होऊ दे."

देवापुढे त्या घटकेला मीही मागितले. मला ने, असे मी मागितले नाही. हे पुस्तक जाऊ नये, असे मागितले.

फेब्रुवारीत कोरड्या गोदीत जहाजाच्या ओल्या शिडीवरून शामकांत पडला. उजव्या मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले. लोखंडाच्या इच्छेने हाड मोडत नाही, हे मी जाणते. देव असल्या मागण्यांना कान देत नाही. पण बातमी आली तेव्हा जयवंती फोनजवळ खाली बसली, ऋता "बाबा, बाबा" म्हणत रडू लागली, आणि दारामागच्या माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की पुस्तक आता जाणार नाही. मला आनंद झाला.

सहलीची रजा रुग्णालयात संपली. पाय जोडला गेला, पण दोन बोटे आखूड झाला. रेंज संपली. शामकांतने पुस्तक पोथ्यांच्या मागे उभे केले, पाठ भिंतीकडे करून. रुग्णालयाने अॅल्युमिनियमची काठी दिली होती. ती त्याने पलंगाखाली सारली. "मी म्हातारा नाही," म्हणे, आणि घराबाहेर पडत नसे. प्रबोध येई, थोडा वेळ बसे, निघून जाई. जयवंतीने विनोद करणे सोडले. मी ज्या घरात मान मागत होते त्या घरात आता कोणी बोलतच नव्हते. मला हवे होते ते मिळाले होते.

त्या वर्षीची खंडेनवमी धुरात आली. शेजारच्या बेटांवरील वणव्यांचा धूर महिनाभर शहरावर साचला होता. खिडक्या बंद होत्या. जयवंतीने तरीही पाट मांडला. पाने ठेवले, मलाही ठेवले. पोथ्या काढताना मागचे पुस्तक हाती आले, ते क्षणभर धरून तिने तेही ठेवले.

"अहो, चला. कुंकू तुम्हीच लावायचं."

शामकांतने खुर्चीवरून फुले वाहिली, पण कुंकू लावण्यासाठी उठावे लागणार होते. त्याने उठण्याचा प्रयत्न केला, जमले नाही. ऋता धावली. त्याने तिला हाताने थांबवले. पाटाच्या कडेला मी आडवी होते. त्याने वाकून मला उचलले, उलटे धरले, रबरी मूठ फरशीवर टेकवली, माझे डोके तळव्यात घेतले, आणि उभा राहिला. माझ्या दांड्यावर त्याचे सगळे वजन आले. शंभर चेंडूंनीही एवढे कधी आले नव्हते. मी वाकले नाही.

"अहो," जयवंती हळूच म्हणाली, "ते आयर्न आहे ना?"

"काठीच आहे," शामकांत म्हणाला. "काठीच बरी."

कितीतरी महिन्यांनी जयवंती हसली. "मग इस्त्रीचं नाव तिला परत देते."

त्याच आठवड्यात तो माझ्या आधाराने लिफ्टने खाली उतरला आणि व्हॉइड डेकच्या, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेतल्या, बाकावर बसला. धूर निवळल्यावर एके दिवशी त्याने पुस्तकही खाली नेले. प्रबोध येऊन शेजारी बसला. पूर्वी शामकांत माझी मूठ धरी आणि डोके जमिनीला लागे. आता डोके त्याच्या हाती असते. मान उलट्या बाजूने आला, आणि मागणे सोडल्यावर आला.

त्याला दोन वर्षे झाली. संध्याकाळी घरी तो पुस्तक उघडतो. छताच्या पंख्याने पाने उडतात, म्हणून तो मला आडवी करून माझे डोके पानावर ठेवतो. माझे तोंड त्या कुरणावर टेकते. जयवंती भाजी निवडते. "मेंढ्यांचं वाचा," ती म्हणते. मत्सर अजून कधीकधी डोके वर काढतो. त्या वेळी माझ्या वजनाखालचे पान किती पातळ आहे ते मला जाणवते.

आता देवापुढे मी एकच मागते: शामकांतला एकदा त्या कुरणाच्या गावी जाऊ दे, पुस्तकासह. पण यातही मला स्वतःचा संशय येतो. माझ्याशिवाय त्याला चालता येत नाही. तो गेला तर मी जाणारच. माझे मागणे निर्मळ आहे की नाही, हे पारखणारी मी नव्हे.

तुम्ही जेव्हा पाटासमोर हात जोडाल, तेव्हा शेजारच्याचे जाणे थांबवायला मागू नका. ते मिळाले तर फार जड होते. आता पंखा सुरू झाला आहे. शामकांतने नॉरफकचे पान काढले आहे. ते मला धरायचे आहे.