मागाच्या गाडीची ओढणी

मी जुनी आहे, उन्हानं विटलेली आहे, एका कडेला ठिगळ लावलेली आहे, आणि तरीही मित्रांनो, गप्प पडून राहणं मला अजून जमत नाही. एवढीशी झुळूक आली तरी माझी कड थरथरायला लागते. मी एक ओढणी आहे. पण कुठल्या मुलीची नाही, मी एका मोटारहोमची ओढणी आहे.

मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. आमच्या घरात एक गंमत आहे. गाडी थांबली की बटण दाबायचं, मग काडेपेटीचा खण सरकावा तशी एक अख्खी खोली गाडीच्या बाजूनं बाहेर येते. निघताना ती परत आत जाते. त्या सरकत्या खोलीच्या डोक्यावर पसरायचं, हे माझं काम. माझी एक कड गाडीच्या भिंतीला पक्की जोडलेली आहे आणि दुसरी एका लांब रुळावर गुंडाळलेली आहे. रूळ त्या खोलीच्या बाहेरच्या कडेला बसवलेला. खोली बाहेर आली की मी उलगडते, आत गेली की रुळातली स्प्रिंग मला गुंडाळून घेते. धूळ, पाला, पाणी खोलीच्या डोक्यावर साचू नये आणि तिच्याबरोबर गाडीत शिरू नये, म्हणून मी. कुणी मला ताडपत्री म्हटलं की माझा असा संताप होतो म्हणून सांगू.

माझा जन्म शेंद्र्याच्या एका शेडमधला. तिथं तंबूचं जाड कापड शिवायचे. मला शिवणाऱ्या मावशींनी माझ्या कडेला दुहेरी टीप मारली आणि शेजारणीला म्हणाल्या, ही पोरगी वाऱ्यात जाणार, जरा घट्टच शिवू. ‘वारा’ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तो काय असतो हे कळायच्या आधीच मला त्याच्याकडे जायची घाई झाली होती.

सुरुवातीची वर्षं झोकात गेली. पर्यटकांना वेरूळ-अजिंठ्याला नेणाऱ्या एका कंपनीची ती गाडी होती. माझ्या रुळावर पत्र्याचं झाकण होतं आणि बाजूला एक छोटी कडी. गाडी निघाली की झाकण खाली, कडी बंद, आणि मी आत कैद. मला ती कडी मुळीच आवडायची नाही. मग कंपनी बंद पडली. चिकलठाण्याच्या एका आवारात आम्ही दोन वर्षं नुसते उभे होतो. विमानतळ अगदी जवळ. रोज विमानं माझ्या डोक्यावरून पंख पसरून जायची आणि मी आपली गुंडाळीत, अंगावर धूळ घेऊन, कुणी बटण दाबेल म्हणून वाट बघत. मित्रांनो, ज्याला हलायचं असतं त्याला थांबायला लावण्यासारखी शिक्षा नाही.

शेवटी आल्या रत्नमालाबाई. त्या पैठणच्या, हातमागावर पैठणी विणणाऱ्या. त्यांचं म्हणणं असं की शहरातल्या लोकांनी पैठणी अंगावर पाहिलेली असते, पण ती मागावर वाढताना पाहिलेली नसते. दुकानात ती येते ती घडी होऊनच. तेव्हा लोक मागाकडे येत नसतील तर माग लोकांकडे न्यायचा. त्यांच्या बचत गटातल्या बायकांनी मिळून ही गाडी घेतली, आणि त्या सरकत्या खोलीत माग पक्का बसवला. आठवडाभर गाडी पैठणला घरासमोर उभी, रत्नमालाबाई तिच्यातच विणायच्या. रविवारी गाडी संभाजीनगरला, तिथल्या एका मैदानावर. चालवायला त्यांचे थोरले भाऊ फकिरामामा, एसटीतून निवृत्त झालेले. आणि सोबत रत्नमालाबाईंची मुलगी अपेक्षा, नववीतली.

नाव मला अपेक्षानंच दिलं. स्कूटीवर बसताना तिची आई दर वेळी बजावायची, ओढणी आवर, चाकात जाईल. एकदा खोली आत जाताना मला सरसर गुंडाळली जाताना बघून अपेक्षा म्हणाली, आई, बघ, गाडी पण ओढणी आवरते. झालं, त्या दिवसापासून मी ओढणी.

आता मुख्य गोष्ट. त्या वर्षी मागावर एक जांभळी पैठणी चढली होती. सिडकोत राहणाऱ्या दमयंतीबाईंनी ती त्यांच्या मुलीच्या, सावनीच्या लग्नासाठी सांगितली होती. तीन महिने रत्नमालाबाई विणत होत्या. नुसता पदर राहिला होता आणि लग्नाला तीन आठवडे. दुसरी विणायला वेळच नव्हता. रत्नमालाबाई सगळ्यांना सांगायच्या, रेशमावर मळक्या पाण्याचा थेंब पडला की तो डाग आयुष्यभराचा. म्हणून त्या मागाजवळ पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवू द्यायच्या नाहीत. आणि त्या मागाच्या डोक्यावर कोण? मी.

त्याच आठवड्यात अपेक्षा नवीनच शिवणयंत्र चालवायला शिकली होती. शिकलेलं कुठंतरी दाखवायचं तर होतंच. तिनं उरलेल्या रेशमाचे हिरवे पोपट कापून एक झालर शिवली, खाली गोंडे लावले, आणि ती माझ्या बाहेरच्या कडेला जोडली. काय सांगू मित्रांनो. आजवर मी राखाडी कापड होते, त्या दिवशी मी नटले. मी उलगडले की पोपट एका ओळीत डुलायचे.

पण झालरीमुळे माझी गुंडाळी जाड झाली आणि पत्र्याचं झाकण बसेना. फकिरामामांनी एकदा दाबून पाहिलं, दोनदा पाहिलं, मग झाकण काढून ठेवलं. झाकणाबरोबर कडीही गेली. रत्नमालाबाईंनी विचारलं, असंच न्यायचं? तेव्हा मामा हसले.

“तीस वर्षं एसटी चालवली म्या. टपावर लोकांची गाठोडी नेली, कोंबड्यांच्या पाट्या नेल्या, एक बी उडालं नाय. आत स्प्रिंग हाय की. हे कापड कुठं जातंय?”

अपेक्षा तिथंच उभी होती. एरवी मामांना उलट विचारल्याशिवाय न राहणारी पोरगी, पण त्या दिवशी गप्प राहिली. तिला झालर लोकांना दाखवायची होती. आणि खरं सांगते, मीही मनातून खूश होते. कडी सुटली होती.

रविवारी पहाटे गार हवेत आम्ही निघालो आणि सुखरूप पोचलो. मामा अपेक्षाला म्हणाले, बघ, काय म्हणलो होतो. दिवसभर मैदानावर गर्दी. लोक माग बघायचे, मग वर बघायचे, पोपटांचे फोटो काढायचे. दुपारी दमयंतीबाई सावनीला घेऊन आल्या. सावनीनं रेशमाला हात लावायच्या आधी रुमालाला हात पुसले, हे रत्नमालाबाईंना फार आवडलं. जाताना सावनी म्हणाली की लग्नाचं सगळं आई ठरवते, पण हा रंग तिनं स्वतः निवडलाय.

चार वाजता परत निघालो. वैशाखाचं ऊन, हवा तापलेली, आणि पैठणच्या बाजूला आभाळ काळं व्हायला लागलेलं. बिडकीन मागे पडलं, दोन्हीकडे मोकळी रानं आली. एका पेट्रोल पंपावरचे झेंडे काठीपासून सरळ ताठ उभे होते. मामांनी ते पाहिले आणि गाडीचा वेग वाढवला, म्हणजे पाऊस यायच्या आत घर गाठू.

वारा बाजूनं आला. आधी त्यानं गोंडे उचलले. मग पोपट उचलले. मग माझी कड. स्प्रिंगनं मला धरलं, वाऱ्यानं ओढलं, आणि समोरून एक मोठा ट्रक सणाणून गेला. त्याच्या झोतात मी रुळावरून उलगडत सुटले.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू. पहिला क्षण इतका सुंदर होता. मी फुगले, वर गेले, चिकलठाण्याच्या विमानांसारखी. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तडफडले ते हेच. आणि दुसऱ्याच क्षणी मी गाडीच्या टपावर आपटले. परत फुगले, परत आपटले. थांबावंसं वाटलं तर थांबता येईना. दुहेरी टिपेच्या शेजारी मी चरचर फाटले. खोलीच्या डोक्यावर पाणी अडवणारी रबराची लांब पट्टी असते. माझ्या आपटण्यानं तीही उपसून आली. आता खोलीच्या आणि गाडीच्या मधे बोटभर फट होती, आणि फटीच्या बरोबर खाली तो माग.

अपेक्षा म्हणाली, मामा, वर काहीतरी धडधडतंय. मामा म्हणाले, मागाचं लाकूड वाजत असेल. अपेक्षानं खिडकीतून डोकं काढून वर पाहिलं आणि झटकन आत घेतलं.

“मामा, गाडी थांबवा. ओढणी सुटलीय.”

रस्त्याच्या कडेला गाडी थांबली. मामा मागच्या शिडीवरून चढले आणि दोन्ही हातांनी मला खाली ओढायला लागले. त्यांनी ओढलं की वारा दुप्पट ओढायचा. माझी चीर वीतभर वाढली. समोरच्या रानात पावसाची पांढरी भिंत चालत येताना दिसत होती. मामा स्वतःशीच म्हणाले, फाटू दे, दुसरं घेऊ.

रत्नमालाबाई खालून बघत होत्या. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, रुळाकडे होतं. मागावर विणलेली पैठणी अशाच एका रुळावर गुंडाळली जाते. त्या रुळाला एक दातेरी चाक असतं आणि चाकात अडकणारी एक खुंटी. चाक पुढं जातं, खुंटी त्याला मागं येऊ देत नाही. म्हणून विणलेलं कापड सैल पडत नाही. हे सगळं त्यांच्या हातांना इतकं पाठ होतं की आजवर बोलून दाखवायची वेळच आली नव्हती.

“दादा, ओढू नको,” त्या म्हणाल्या. “कापडाशी भांडून काय उपयोग? रूळ धर. थोडं गुंडाळ, अडकव. परत थोडं गुंडाळ, अडकव.”

रुळाच्या टोकाला भोकं होती. रत्नमालाबाई मामांच्या पेटीतला लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन शिडीवर चढल्या. वारा श्वास घ्यायला थांबला की मामा रूळ फिरवायचे, रत्नमालाबाई भोकात स्क्रूड्रायव्हर खुपसून धरायच्या. वारा यायचा, ओढायचा, पण गुंडाळलेलं परत सुटायचं नाही. एक वेढा, दोन वेढे, तीन. मी मुकाट्यानं गुंडाळले जात होते. आणि मग रूळ अडला. झालर. पोपट आणि गोंडे एकात एक अडकून त्यांचा गोळा झाला होता.

मामा थांबले. अपेक्षा आत गेली, मागाजवळची कात्री घेऊन आली, शिडीच्या दुसऱ्या बाजूनं वर चढली आणि स्वतःची झालर या टोकापासून त्या टोकापर्यंत कापत गेली. रडत नव्हती. फक्त कापताना एकदा म्हणाली, “झाकण बसत नव्हतं तेव्हाच बोलायला पाहिजे होतं मी.”

“तू कशाला,” मामा म्हणाले. “गाडी माझ्या हातात होती.”

शेवटचा वेढा बसला, मामांनी दोर करकचून बांधला, रबराची पट्टी हातानं दाबून फटीत परत बसवली, आणि पाऊस आला. तिघं भिजत उभे होते, पण पट्टीवरचे हात कुणी काढले नाहीत. पाऊणएक तास तरी गेला असेल. पाऊस ओसरल्यावर रत्नमालाबाई कोरड्या फडक्यानं हात पुसून आत गेल्या. मागाच्या लाकडी चौकटीवर पाण्याचे चार थेंब होते. पैठणीपासून अर्ध्या बोटावर. त्यांनी ते फडक्यानं एकेक करून टिपले आणि मगच खाली बसल्या.

सावनीचं लग्न ठरल्या दिवशी, त्याच जांभळ्या पैठणीत झालं. दमयंतीबाईंनी फोटो पाठवला. या प्रवासाबद्दल त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

मामांनी मग चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपमधून माझ्या रुळाला दातेरी चाक आणि लोखंडी खुंटी बसवून घेतली. वर्कशॉपवाल्यानं विचारलं हे डिझाइन कुठलं, तर मामा म्हणाले, आमच्या बहिणीच्या मागाचं. पत्र्याचं झाकण परत आलं. जिथं मी फाटले तिथं अपेक्षानं ठिगळ लावलं, तिच्याच झालरीतल्या एका हिरव्या पोपटाचं. पण या वेळी सपाट, आतल्या बाजूनं, चारी कडा दाबून शिवलेलं. मी उलगडले की शिडीवर चढून माझ्याखाली डोकावणाऱ्यालाच तो दिसतो.

आता निघण्याआधी अपेक्षा गाडीला एक फेरी मारते. माझ्यावरचा पाला झाडते, मी ओली असेन तर वाळू देते, झाकण बघते, खुंटी हलवून बघते, आणि मोठ्यानं म्हणते, ओढणी आवरली. ते ऐकल्याशिवाय मामा किल्ली फिरवत नाहीत. वाटेत पंपावरचे झेंडे ताठ दिसले, तर ते गाडी कडेला घेतात, चहा सांगतात आणि झेंडे खाली पडेपर्यंत बसून राहतात.

मित्रांनो, माझी चुळबूळ गेलेली नाही. वारा अजूनही झाकणाच्या फटीतून बोलावतो आणि मी अजूनही थरथरते. पण आता खुंटी लागल्याचा तो ‘टक’ आवाज ऐकू आला की मला बरं वाटतं. तुमच्याकडेही असं काहीतरी असेल, ज्याला सारखं सुटायचं असतं. टपावरचं सामान असेल, सायकलमागची पिशवी असेल, खरीखुरी ओढणी असेल. त्याला रागावू नका. फक्त निघायच्या आधी एक फेरी मारा आणि हात लावून बघा.

मागच्या रविवारी अपेक्षा एका परीक्षेला गेली होती. रत्नमालाबाई पुढं बसून मामांची वाट बघत होत्या. मामा किल्लीला हात लावून थांबले, परत खाली उतरले, सावकाश फेरी मारून माझ्यापाशी आले. खुंटी एकदा हलवली, दोनदा हलवली. मग इकडं तिकडं बघून, कुणी ऐकत नाही याची खात्री करून, हळूच म्हणाले,

“ओढणी आवरली.”