रुसलेलं काडतूस

बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचा एक हट्ट होता. कुणी येऊन म्हणालं, "चाप ओढला पण गोळी उडाली नाही," की तो हात पुढे करून विचारायचा, "रुसलेलं काडतूस कुठाय?" नुसतं हत्यार घेऊन आलेल्याला तो दारातूनच माघारी धाडायचा. दुखणं काय आहे हे हत्यार लपवतं आणि काडतूस बोलून टाकतं, असं त्याचं म्हणणं. गिऱ्हाइकांना हा हट्ट पाठ झाला होता. त्याच्या साडूला तर जास्तच.

म्हणून त्या दुपारी साडूने रिव्हॉल्वर काउंटरवर ठेवलं आणि न विचारता खिशातून काडतूसही काढलं.

"घे. हे तुझं रुसलेलं बाळ."

"बसा भाऊसाहेब. चहा सांगू?"

"चहा नको. आधी हे बघ. घोडा पडतो, टक् वाजतं आणि पुढे काही नाही. एवढं जुनं, एवढं देखणं हत्यार, आणि ऐनवेळी हातपाय गाळतं."

साडू म्हणजे मिस्त्रीच्या थोरल्या मेहुणीचा नवरा. उभा जन्म नकाशे काढण्यात गेला. केसाएवढी रेघ ओढायची तर त्याने, असं कचेरीत सगळे म्हणायचे. जुनी रिव्हॉल्वरं जमवायचा नाद होता. काचेच्या कपाटात ती ओळीने मांडलेली असायची, आणि पाहुणा आला की आधी कपाट, मग खुर्ची. पण हल्ली त्याच्या डोळ्यांपुढे मधोमध एक काळा डाग येऊन बसला होता. कडेचं थोडं दिसायचं, समोरचं माणूस दिसायचं नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्यानंतर साडूने संग्रह वाटायला सुरुवात केली. एक जुन्या मित्राला दिलं, काही संग्रहालयाला. एवढं एकच ठेवलं. मिस्त्रीला तेव्हा वाटलं होतं की माणूस पसारा आवरतोय, शहाणपणाचंच आहे. पुढचा विचार त्याने केला नव्हता.

मिस्त्रीने रिव्हॉल्वर उघडून काडतुसांचं चाक रिकामं असल्याची खात्री केली आणि भिंग डोळ्याला लावून काडतूस उलटं धरलं. बुडाशी जी पितळेची टोपी असते तिच्यावर घोड्याचा ठोसा बसतो. ठोसा खोल असेल आणि गोळी उडाली नसेल, तर दोष काडतुसाचा. ठोसा उथळ असेल तर घोड्यात जोर नाही. इथे ठोसा उथळ होता. नखाने दाबल्यासारखा.

"स्प्रिंग ढिली पडलीय," मिस्त्री म्हणाला.

"मग आवळ की! त्यात भिंगातून काय बघत बसलायस, मुलगी बघायला आल्यासारखा?"

मिस्त्री हसला, आणि हसता हसता थांबला. टोपीवर एकच ठोसा नव्हता. एकाच्या अंगावर दुसरा, दुसऱ्याच्या कडेला तिसरा, असे कितीतरी.

रिव्हॉल्वरचं चाक प्रत्येक वेळी पुढे सरकतं. एक काडतूस उडालं नाही तर घोड्याखाली दुसरं येतं. तेच ते पुन्हा यायचं तर चाकाने पूर्ण फेरी मारायला हवी. आणि नेमबाजीच्या क्लबात तर न उडालेलं काडतूस ताबडतोब काढून वाळूच्या बादलीत टाकतात, त्याला कुणी दुसऱ्यांदा हात लावत नाही. हा शिरस्ता साडूनेच नवख्यांना शिकवला होता.

"क्लबात उडवत होतात का?" मिस्त्रीने विचारलं. आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवला.

"मग कुठे, स्वयंपाकघरात?"

क्लबचा रखवालदार गेल्याच आठवड्यात दुकानात आला होता. तुमचे साडू डोळे बिघडल्यापासून फिरकले नाहीत हो, असं हळहळून म्हणाला होता.

 चाकात एकच काडतूस होतं. बाकी घरं रिकामी. आणि माणूस चाप ओढत राहिला होता, पुन्हा पुन्हा. नंतर मिस्त्रीच्या हट्टाला जागून तेच काडतूस त्याने इमानदारीत आणून दिलं. त्यावर काय लिहिलंय ते त्याच्या डोळ्यांना दिसत नव्हतं, एवढंच.

हाताला काहीतरी काम हवं म्हणून मिस्त्रीने मुठीच्या लाकडी फळ्या उतरवल्या. मुठीच्या पुढच्या अंगाला एक छोटा स्क्रू असतो, त्याचं टोक घोड्याच्या स्प्रिंगला दाबून धरतं. त्याने तो बाहेर काढला. टोक कानशीने घासून आखूड केलेलं, आणि वर गुळगुळीत करून गोल केलेलं. घाईचं काम नव्हतं. आणि डोक्यावरच्या खाचेत मेणाचा कण होता.

तो कण बघून तो उठलाच. "आलो," म्हणाला आणि पडदा सारून मागे गेला. दुकानामागेच घर होतं.

बायको शिलाई मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होती. तिचे वडील घड्याळजी. पेचकस घसरून ओरखडा उठू नये म्हणून स्क्रूच्या खाचेत आधी मेणबत्तीचं मेण भरायचं, ही त्या घरची रीत. दुसरीकडे कुठे मिस्त्रीने ती पाहिली नव्हती. बायको अजूनही चष्म्याचा स्क्रू आवळताना मेण शोधायची.

त्याने तळहातावरचा स्क्रू तिच्यापुढे धरला. मशीन थांबलं.

"ताई आली होती," ती म्हणाली. "टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. तुम्ही बाहेर गेला होतात."

"आणि तू घासून दिलंस? माझ्या कानशीने?"

"मग काय दाताने घासू?" तिचा आवाज चिरकला. "तिने त्यांना बघितलं होतं हो. दाराच्या फटीतून. हातात घेऊन बसलेले. उचलून फेकून दे म्हटलं मी, तर म्हणाली, नाहीसं झालं तर ते दुसरं काहीतरी शोधतील, आणि मला कळणारही नाही. निदान हे जवळ असलं की त्यांचं मन यात अडकलेलं राहील."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला? बिघडलेली वस्तू तुम्हाला दुसऱ्या दिवसापर्यंत बघवते का? शेजाऱ्यांच्या दाराची कडी कुरकुरते म्हणून तेल घेऊन गेलेला माणूस! तुम्ही ते नीट करून, पुसून, हातात दिलं असतंत."

 खरंच होतं ते.

बाहेरून हाक आली. "काय साडूबुवा! एका स्क्रूला बायकोची परवानगी लागते का?"

तो परत येऊन स्टुलावर बसला. खणात त्याच मापाचा अख्खा स्क्रू पडला होता. बसवायचा म्हटलं तर चहा निवायच्या आत काम झालं असतं. सुटा भाग मिळत नाही अशी थाप मारता आली असती, पण थाप मारताना त्याचे कान लाल होतात हे सगळ्या सासुरवाडीला माहीत होतं. साडूला कान दिसले नसते, हा विचार मनात आला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

त्याने साडूचा हात धरला, आणि अंगठा काडतुसाच्या बुडावर ठेवला.

"हे काय?"

"बोटाने बघा, भाऊसाहेब."

रेघा ओढून ओढून तयार झालेला तो अंगठा. तो टोपीवरून एकदा फिरला, थांबला, पुन्हा हळूच फिरला. साडूच्या चेहऱ्यावरची थट्टा उतरत गेली.

"तुझा हा हट्ट मेला," तो म्हणाला. "दुसऱ्या मिस्त्रीकडे जायला हवं होतं."

"का गेला नाहीत मग?"

 साडू काडतूस काउंटरवर उभं करायला गेला, ते आडवं झालं. "उद्या बायको मला हात धरून न्हाणीघरात नेणार. ताटात कुठे काय वाढलंय ते सांगणार. ते बघायला राहू?"

"तुम्हाला दिसणार आहे थोडंच," मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं.

 साडूच्या घशातून एक विचित्र आवाज आला. हसू होतं की दुसरं काही, मिस्त्रीला कळलं नाही.

"दोष कशात निघाला?"

"स्क्रू आखूड झालाय. मीच घासला."

"तू?" साडूने हात पसरला. "आण इकडे. तू आणि चालती वस्तू बिघडवणार? तुझा हात उठेल?" त्याने स्क्रू चिमटीत धरून चाचपला. नख खाचेत गेलं आणि नखात मेण आलं. त्याने ते बोटांत चोळलं. तोही त्याच घरचा जावई होता.

"म्हणजे तिला ठाऊक होतं," तो म्हणाला. "सगळे दिवस. समोर बसून जेवायची, भाजी कशी झालीय विचारायची. आणि मला वाटायचं, हे जुनं लोखंडच मला नको म्हणतंय." त्याने स्क्रू काउंटरवर ठेवला. "मी आत टक् ऐकायचो. तीही ऐकत असेल ना रे? बाहेरून?"

मिस्त्रीने मान हलवली. साडूला ती दिसली नाही, म्हणून मग तोंडाने म्हणावं लागलं, "हो. ऐकत असेल."

पडद्याआड बायको उभी होती. ती चपला घालूनच बाहेर आली. "चला भाऊजी. मी घरापर्यंत येते. ताईशी माझं काम आहे." तिने दंड धरला. साडूने हिसका देऊन सोडवला, एकटाच दाराकडे गेला, आणि उंबऱ्याशी पाय चाचपत उभा राहिला. तिने पुन्हा दंड धरला. या वेळी त्याने सोडवला नाही.

"नीट करून ठेवणार आहेस का ते?" पाठमोऱ्यानेच त्याने विचारलं.

"नाही."

"जमेल तुला? तसंच ठेवायला?"

 दोघं रस्त्याच्या कडेने जाताना मिस्त्री बघत राहिला. बायकोच एकटी बोलत होती, खड्डा आहे, पायरी आहे.

मग तो कामाच्या टेबलाशी वळला. रिव्हॉल्वर उघडं पडलं होतं, फळ्या एकीकडे, चाक एकीकडे. त्याचा हात आपसूक खणाकडे गेला आणि अख्खा स्क्रू त्याच्या चिमटीत आला. त्याने तो मुठीच्या भोकाशी नेलासुद्धा. मग दातओठ खाऊन मागे घेतला, काडतुसासकट खणात टाकला, खणाला किल्ली लावली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिला. बायको येईपर्यंत त्याला तसंच बसायचं होतं.