बाईंच्या केकवरचं प्रोटीन

कोळंबी मारणाऱ्या विषाणूच्या कवचातल्या प्रोटीनचा स्फटिक करण्यात ओराफिनची पाच वर्षं गेली होती. प्रोटीन जिवाणूंकडून बनवून घ्यायचं, धुवायचं, थेंबात ठेवायचं आणि देवावर हवाला. स्फटिक काही धरत नव्हता. तिच्या मार्गदर्शक सुमालीबाई महिनाअखेर निवृत्त होणार आणि प्रयोगशाळेला टाळं लागणार. तोवर प्रोटीनची रचना हाती आली नाही, तर ओराफिनची डॉक्टरेट पाण्यात.

आणि मेला एकदाचा धरला! थायलंडमधल्याच दूरच्या कोराट शहरातल्या क्ष-किरण यंत्रावर स्फटिकाचे ठिपके असे लख्ख उमटले की सगळ्यांनी तिथेच भाजलेली कोंबडी आणि चिकट भात मागवला. बाई फार जेवल्या नाहीत. पोट बरं नाही म्हणाल्या.

हाट याईच्या प्रयोगशाळेत परतल्यावर ओराफिनने ठिपक्यांवरून निघालेली रचना आधी सोडवलेल्या रचनांच्या संग्रहाशी ताडून पाहिली. कसला विषाणू नि कसलं काय! ते त्या जिवाणूचंच प्रोटीन होतं, धुताना चिकटून राहिलेलं, जगाने केव्हाच सोडवून ठेवलेलं. डोंगर पोखरला आणि उंदीर निघाला, तोही दुसऱ्याने पाळलेला.

आता सांगायचं कसं? आमच्या हाट याईत वडीलधाऱ्याचा आनंद मोडण्यापेक्षा माणूस स्वतःचं घर मोडेल. ओराफिन नुसती येता-जाता हसत राहिली.

निरोप समारंभ निवृत्तीच्या आठवडाभर आधीच ठेवला होता. प्रयोगशाळेतल्या पोरांनी केकवर नारळाच्या क्रीमने ते प्रोटीन काढून घेतलं होतं. बाईंनी सुरी उचलली आणि ओराफिनला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "जिवाणूचं प्रोटीन सुबक काढलंय हं."

"तुम्हाला माहीत होतं, बाई?"

"कोराटलाच ठिपक्यांवरून ओळखलं. तू इतकी हसत होतीस गं."

"परतल्यावर तर तुम्ही खूश दिसत होतात म्हणून हसत होते मी."

ओराफिनला रडूच फुटलं. बाईंचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. पोरांना वाटलं, निरोपाचं रडू आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पुरे झालं," बाई म्हणाल्या. "आठवडा आहे हातात. फ्रीजरमधलं उरलेलं प्रोटीन पुन्हा नीट धुऊ."

"ते शुक्रवारी ओतून टाकलं. काम फत्ते झाल्यावरही जपून ठेवलं असतं तर तुम्हाला संशय आला असता."

बाईंनी केक कापला आणि मोठा तुकडा तिच्या बशीत ठेवला.

"काहीतरी ओतताना बघितलं होतं मी तुला," त्या म्हणाल्या. "हाक मारून विचारणार होते. मग म्हटलं, पोर खुशीत आहे, कशाला."