लॉजवरचा मंगळवार

मुलगा सैन्यातून सुट्टीवर निघाला, की तो गाडीत बसण्याआधीच घरात त्याचे वाटे पडलेले असत. आईला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे न्यायला तो, गळकी टाकी बघायला तो, मामांकडे तोंड दाखवायला तो. बायकोच्या वाट्याला उरे तो घोरणारा. तिची तक्रार नव्हती. म्हणजे होती, पण ऐकणारा टाकीवर चढलेला असे.

म्हणून गेल्या खेपेला नवराबायकोनं लबाडी केली. हजर व्हायचं होतं बुधवारी. घरी सांगितलं, सोमवारी. रविवारी संध्याकाळी आईनं दारातून निरोप दिला. ‘यांना गाडीत बसवून तशीच माहेरी जाते,’ असं सून म्हणाली, आणि दोघं स्टेशनसमोरच्या लॉजवर उतरली.

लबाडी पचली. पण आज मुलाचा तुकडीतला मित्र प्लास्टरमधला पाय सांभाळत घरी आला. मुलगा ज्या चौकीवर आहे तिच्याशी संपर्क तुटलाय, शोध चालू आहे, एवढं सांगून त्याला गप्प बसता आलं असतं. पण त्याला ती शांतता सोसेना.

“काळजी नका करू, काकू. येईल तो. बुधवारी गेटवर मीच होतो. म्हटलं, काय रे, घर सोडवेना का? हसला नुसता.”

“सोमवारी,” सासूबाई म्हणाल्या.

“बुधवारी, काकू. मीच तर होतो.”

तो गेला. सुनेची भांडणाची तयारी होती, चार उत्तरं जिभेवर होती. सासूबाई शेजारी येऊन बसल्या.

“कुठं होतात?”

“लॉजवर.”

“असू दे. स्वतःचाच नवरा पळवलास, शेजारणीचा नाही.” मग त्या आणखी जवळ सरकल्या. “पण आता सांग मला. काय केलं त्यानं? माझ्याकडचं सगळं आठवून आठवून संपलं गं.”

सुनेनं सोमवार सांगितला. दुपारपर्यंत झोपला. गरम पाणी फुकट म्हणून दोनदा आंघोळ केली. पिशवीतला सुई-दोरा काढून लॉजचा फाटका पडदा शिवला.

“रिकामं बसवतच नाही त्याला,” सासूबाई खूश झाल्या. “आणि मंगळवारी?”

मंगळवारी तो पलंगाच्या कडेला एक बूट हातात धरून बसून राहिला होता. ‘या वेळी नको वाटतंय गं जायला,’ म्हणाला होता. ‘असं कुठं असतं का?’ म्हणत तिनंच खाली बसून त्याच्या नाड्या बांधल्या होत्या. घट्ट.

“मंगळवारी पुन्हा झोपलाच,” ती म्हणाली. “उठवावंसं वाटलं नाही मला.”

“बरं केलंस. पोराला झोप मिळते कुठं!” सासूबाईंनी तिचा हात धरला. “सोमवारचं परत सांग.”

सुनेनं परत सांगितलं. या वेळी त्यानं दोन्ही पडदे शिवले.