पाचवा नियम

“हा बघ, परत उगवला!” असं म्हणत ह्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. मी मटार सोलत होते. चष्मा दुसऱ्या खोलीत, त्यामुळे मला दिसलं ते नुसतं धुकं.

“वाचून दाखवा की. मी काय नाकानं वाचू?”

“वाचण्यासारखं असेल तर ना! दोन शब्द. ‘पान नाही.’ संपलं. ना नमस्कार, ना चमत्कार. मी काय ह्याचा नोकर आहे?”

“नसेल एखादं पान.”

“अगं, दोनशेच्या वर लोकांनी ती फाईल नेलीय. एकाची तक्रार नाही. ह्यालाच बरं दिसत नाही पान!”

आमचे हे म्हणजे शिवणयंत्रांचे मिस्त्री. चौतीस वर्षं लोकांची मशीनं दुरुस्त केली. घरातली छोटी, कारखान्यातली दांडगी, चामडं शिवणारी, तंबू शिवणारी, सगळी. मग गुडघे बोलायला लागले आणि खाली बसून मशीनचं पायडल जोडणं जमेना, तेव्हा दुकान बंद केलं. दुकानातून घरी काय आलं, तर एक पत्र्याची पेटी. आत मशीनांसोबत येतात ती माहितीची पुस्तकं. एकशे चौदा. त्यातल्या निम्म्या मशीनांचे कारखाने कधीच बुडाले, पण मेली मशीनं अजून धडधाकट आहेत, आणि बिघडली की पुस्तक कुठंच मिळत नाही.

लेकीनं चार वर्षांपूर्वी ह्यांना फोनवर एक ग्रुप काढून दिला. ‘जुनी शिवणयंत्रं’. पुस्तकांचे फोटो काढून फायली करायच्या आणि ज्याला हवी त्याला द्यायची, एवढंच. बाबांचा वेळ जाईल, असं तिचं म्हणणं. वेळ कसला जातोय! आज ग्रुपात अडीच हजार माणसं आहेत आणि ह्यांना आंघोळीला फुरसत नाही.

सुरुवातीला तर नुसता बाजार होता. एकानं लिहायचं, ‘भाऊ, फाईल टाका.’ कसली फाईल, पत्ता नाही. त्याच्याखाली चाळीस जण, ‘मलापण’, ‘मलापण’, ‘मलापण’. कुणी रात्रीत तीनदा ‘अर्जंट’ लिहायचं आणि सकाळी ‘काय झोपलात का?’ विचारायचं. ह्यांचं डोकं फिरलं. ह्यांनी एक अख्खा रविवार बसून नियम लिहिले आणि ग्रुपाच्या डोक्यावर डकवले. आधी नमस्कार घाला, समोर माणूस आहे, नळ नाही. मशीनवरच्या पट्टीचा नंबर लिहा. मशीनला काय होतंय ते लिहा. मागण्याआधी जुनी यादी चाळा आणि ‘मलापण’ लिहू नका. तेव्हापासून ग्रुपात ह्यांना सगळे हेडमास्तर म्हणतात. ह्यांना वाटतं आदरानं म्हणतात.

पाचवा नियम सगळ्यात लहान होता. ‘काम झालं की कळवा.’

तो मात्र चार वर्षांत एकानंही पाळला नाही. धन्यवाद येतात, पोत्यानं येतात. फाईल अजून धड उतरलेली नसते, तोवर हात जोडल्याची चित्रं, फुलं, ‘आपण महान आहात’. पण मशीन चाललं का, टाका नीट पडतोय का, ते सांगायला कुणी परत फिरकत नाही. हे रोज संध्याकाळी फोन उघडून वर-खाली बघतात, आणि मला ठाऊक असतं काय शोधताहेत ते. दुकान होतं तेव्हा ह्यांची एक रीत होती. मशीन जोडून झालं की चिंधी घालून चालवायचं, कान खाली नेऊन ऐकायचं, आवाज पटला की मगच फडक्यानं बोटंबोटं पुसायची. हात पुसल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. आता मशीनं दूर कुठंतरी चालतात की पडून राहतात, ह्यांना कळत नाही. त्याचं वाईट वाटतं ह्यांना. मलाही वाटतं.

तर तो ‘पान नाही’वाला. त्यानं ग्रुपात नाव म्हणून नुसतं एक टिंब ठेवलं होतं. आम्ही घरात त्याला टिंबच म्हणायचो. पहिल्यांदा आला तेव्हा लिहिलं, ‘तेहतीसचं पुस्तक द्या.’ ह्यांनी नियम दाखवले. त्यावर उत्तर, ‘नंबर ३३. टाके सुटतात.’ नमस्कार गायब, पण बाकी नियमात बसत होतं म्हणून ह्यांनी कुरकुरत फाईल दिली. तेहतीस म्हणजे जाड कापडाचं, पिशव्या-पट्टे शिवायचं मशीन. धन्यवाद काही आला नाही. दोन दिवसांनी, ‘पान नाही.’ ह्यांनी परत नियम दाखवले. मग, ‘३८ ३९ नाही.’ ह्यांनी लिहिलं, पुस्तक पूर्ण आहे. आणि आज परत तेच.

“अहो, एकदा पेटी उघडून बघा तरी.”

“काय बघायचंय? फोटो तूच काढलेस ना? पानं मोजली होतीस ना प्रत्येक पुस्तकाची?”

“मोजली होती,” मी म्हणाले.

“झालं तर मग.” आणि ह्यांनी माझ्यासमोर टिंबाला ग्रुपातून काढून टाकलं. अडीच हजार लोकांसमोर लिहिलंसुद्धा, ‘नियम न पाळणाऱ्या सदस्यास काढण्यात आले आहे.’ खाली पटापट अंगठे आले. हेडमास्तर खूश झाले आणि गुणगुणत दाढी करायला गेले.

मला मात्र मटार सोलवेनात. कारण मोजली होती हे खरं, पण सगळी नव्हती मोजली. एकशे चौदा पुस्तकं आहेत बाई! दोन महिने मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात, एकेक पान सपाट दाबून फोटो काढत होते. त्यातून कितीतरी पुस्तकांच्या पाठी सुटलेल्या, त्या आधी मीच डिंकानं चिकटवल्या. मान मोडून आली की ह्यांनी विचारायचं, “मोजलीस?” आणि मी म्हणायचं, “हो हो, मोजली.” तेहतीसचं पुस्तक त्यातलंच नसेल कशावरून?

दुपारी हे जरा आडवे झाल्यावर मी पेटी उघडली. पुस्तक सापडलं. छत्तीस, सदतीस, आणि पान उलटलं तर थेट चाळीस. मधलं पान हाताला जाड लागत होतं. दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती, वरपासून खालपर्यंत, आणि कडेला डिंकाचा पिवळा ओघळ. माझाच डिंक. पाठीला लावताना आत उतरला असणार.

मी खाली बसले. खरं सांगते, पहिला विचार आला तो पुस्तक परत पेटीत तळाशी घालायचा. कुणाला कळणार होतं? दोनशे माणसांना चार वर्षांत कळलं नाही. टिंब तर हाकललेला. ह्यांचा रुबाब शाबूत, माझीही लाज शाबूत. मग डोळ्यांसमोर आलं, कुठंतरी कुणीतरी एक मशीन उघडून बसलंय, सदतीसव्या पानापर्यंत सगळं केलंय, आणि पुढं काय करायचं त्याला माहीत नाही. आणि ज्याच्याकडे विचारायचं, त्यानं त्याला दाराबाहेर काढलंय. माझ्या आळसापायी.

मी ह्यांना हलवलं. “उठा. मी मोजली नव्हती.”

“काय?”

“पानं. तेहतीसची. मोजली म्हणाले ते खोटं होतं. तो बिचारा खरं बोलत होता.”

मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. नाकावर राग असलेला माणूस. पण ह्यांनी पुस्तक हातात घेतलं, ती जाड कड बोटांत धरून बघितली आणि एवढंच म्हणाले, “किटली ठेव.”

मला वाटलं चहा हवाय. कसला चहा! वाफेवर पुस्तक धरून, इकडून तिकडून फिरवत, भाजी कापायच्या सुरीची बोथट बाजू आत सरकवत ह्यांनी पाऊण तास त्या पानांशी झटापट केली. मी शेजारी उभी. शेवटी पानं सुटली. थोडी सोललेली, पण वाचता येण्याजोगी. अडतीसवर चित्र होतं. सुई खाली जाऊन वर निघते त्या क्षणी खालचं, दोरा पकडणारं शटल नेमकं कुठं असावं, त्याचं चित्र. एकोणचाळीसवर मापं. टाके सुटण्याचं सगळं औषध त्या दोन पानांत.

आणि समासात ह्यांचं तरुणपणचं अक्षर, पेन्सिलीनं, ‘छापलेलं माप चूक. निम्मं धरा.’

“म्हणजे हे पान नसताना तेहतीस कुणाच्या बापाला जुळायचं नाही,” हे म्हणाले. “आणि पान असून ही पेन्सिल नसती, तरी नाही.”

“मग त्या दोनशे लोकांनी काय केलं?”

“काही नाही केलं. फाईल ठेवून घेतली.” हे खुर्चीत बसले. “उघडून वाचली ती एकट्यानं. आणि मी त्यालाच हाकललं.”

मग म्हणाले, “चष्मा दे.”

ह्यांनी दोन्ही पानांचे फोटो स्वतः काढले, पेन्सिलीच्या अक्षरासकट. टिंबाला परत ग्रुपात घेतलं. आणि मग एका बोटानं लिहायला बसले. लिहायचे, पुसायचे, परत लिहायचे. मी मागून वाकून वाचलं.

‘नमस्कार. मशीन नंबर ३३. अडचण अशी, की ह्या पुस्तकाची पाने ३८ व ३९ आपल्या फाईलीत नाहीत. चार वर्षं नव्हती. ज्या सदस्याने हे सांगितले त्याला मी काढले. चूक माझी. पाने सोबत जोडली आहेत. समासातले माप धरावे. काम झालं की कळवा.’

“अहो, चूक माझी,” मी म्हणाले. “हिनं मोजली नव्हती, असं लिहा.”

“ग्रुप कुणाचा आहे?”

“तुमचा.”

“मग?”

आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. ‘चूक माझी’ हे दोन शब्द ह्यांच्याकडून मी कधी ऐकले नव्हते. आणि आले ते माझ्या चुकीसाठी. मला इतकं भरून आलं की मी उगाचच ओटा पुसायला गेले.

ग्रुपावर मिनिटभरात साठ अंगठे, तीस जोडलेले हात. एकानं तर लिहिलं, ‘हेडमास्तर, फारच छान फाईल, मलापण पाठवा.’ हे हसले. रागावले नाहीत, चक्क हसले. मी म्हटलं, सूर्य कुठं उगवला बघावं.

टिंबाचं मात्र उत्तर नाही. त्यानं ते पाहिलं की नाही तेही कळेना. चार दिवस गेले, सहा दिवस गेले. हे जेवतानासुद्धा फोन ताटाशेजारी ठेवायचे. बाकीच्या फायलींची मागणी चालू होती, हे देत होते, पण मन नव्हतं. एकदा म्हणाले, “रागावला असेल गं. मीही रागावलो असतो.” एकदा म्हणाले, “माप उलटं तर नसेल धरलं त्यानं?” मी उरलेली एकशे तेरा पुस्तकं काढून, एकेक पान सुटं करून मोजायला बसले. ह्यांनी सांगितलं नव्हतं. माझं मला करायचं होतं. दोन पुस्तकांत आणखी एकेक जोडी सापडली, ती मीच किटली ठेवून सोडवली.

नवव्या दिवशी सकाळी हे खिडकीशी पेपर वाचत होते आणि मी सत्त्याण्णवावं पुस्तक मोजत होते. फोन वाजला. हे बघून एकदम ताठ बसले.

“टिंब?”

ह्यांनी मान डोलावली. एकही अक्षर लिहिलेलं नव्हतं. नुसता व्हिडिओ, अकरा सेकंदांचा. मी चष्मा लावून पाहिला. जाड काळा पट्टा, दप्तराला असतो तसला, सुईखालून सरकत होता. त्याला ढकलणारा एक हात दिसत होता, अंगठ्याला चिंधी बांधलेली. टाके एकापुढे एक, सारखे. बाकी ना चेहरा, ना खोली.

“नमस्कार नाही,” मी मुद्दाम म्हणाले. “धन्यवाद नाही. मशीनचा नंबर नाही. काढून टाकायचं का?”

“गप. ऐकू दे.”

ह्यांनी व्हिडिओ परत लावला, पण बघितला नाही. फोन कानाशी नेला आणि डोळे मिटले. परत लावला. परत. पाचव्या-सहाव्या वेळेला चेहरा कसा सैल झाला ह्यांचा, दुकानात व्हायचा तसा.

“चाललंय गं,” म्हणाले. “तेल थोडं कमी आहे. पण चाललंय.”

मग फोन टेबलावर ठेवला, शेजारी पडलेलं माझं फडकं उचललं, आणि दोन्ही हात, बोटं, बोटांच्या मधली जागा, सावकाश पुसून काढली. हात स्वच्छच होते. मी उठले आणि चहा टाकला.