जिवंताच्या फोटोला हार

यशोदाबाईंचा दीपक कारगिलात गेला, आणि नाशिकरोडच्या एका चौकात त्याच्या नावाचा दगडी स्तंभ उभा राहिला. उभा राहिला म्हणायचं, एवढंच! वर्षभर त्याच्यावर कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. दीपकचं नाव उघडं व्हायचं ते फक्त स्मृतिदिनी, आणि त्या एका दिवसासाठी म्हातारी जीव धरून असायची.

यंदा तेवढंही नशिबात नव्हतं. रिक्षातून उतरून बघतात तर स्तंभावर हा भला मोठा फ्लेक्स. एका बाजूला हात जोडलेले पुढारी दादासाहेब, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि दुसऱ्या बाजूला वर्दीतला... यशोदाबाई दोन पावलं पुढं गेल्या. तो दीपक नव्हताच. तो आयुष होता, त्यांच्या धाकट्या लेकाचा पोरगा! नुकताच भरती झालेला, देवळाली कॅम्पात तोफखान्याचं ट्रेनिंग घेणारा, आज सकाळीच फोनवर "आजी, चहा घेतला का?" म्हणून विचारणारा.

त्यांनी स्मारक समितीच्या अश्विनला गाठलं. "हा कुणाचा फोटो लावलास रे?"

"दीपककाकांचा जुना फोटो फार पुसट होता, आजी. तुमच्या सुनेच्या स्टेटसवर हा मिळाला. एकदम क्लिअर. म्हटलं, काकांचाच असणार."

"अरे मेल्या, हा माझा नातू हाय! जिता हाय तो! आधी खाली काढ."

अश्विनचं तोंड एवढंसं झालं. पण तोवर दादासाहेब येऊन ठेपले होते, मोबाइल वर झाले होते. दादासाहेबांनी ऐकून घेतलं, घड्याळात पाहिलं आणि झेंडूचा हार त्यांच्यापुढं धरला.

"आई, आता ऐनवेळी कुठं काढत बसता? चेहरेपट्टी तीच आहे की. कुणाला कळतंय? एका हारानं काय होतंय! घाला."

कुणाला कळतंय! दरवर्षी 'वीरमाता' म्हणून ह्यांनीच शाल द्यायची, नारळ द्यायचा, फोटो काढून घ्यायचे, आणि ज्याच्यापायी हे सगळं, त्याचा चेहरा एकाच्याही लक्षात नाही. यशोदाबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी हार घेतला, पायरी चढल्या आणि फ्लेक्सच्या बांबूला तो अडकवला. दादासाहेबांच्या बाजूला. झेंडू बरोबर त्यांच्या फोटोच्या गळ्यात लोंबला.

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

"अहो, काय करताय हे! मी जिवंत आहे!" दादासाहेब ओरडले.

"माझा आयुषबी जिवंतच हाय," यशोदाबाई म्हणाल्या. "एका हारानं काय होतंय!"

मग काय विचारता! शिडी आली, कात्री आली. आयुषसाठी जो फ्लेक्स निघत नव्हता, तो दादासाहेबांसाठी चुटकीसरशी खाली आला. मागचा दगड उघडा पडला. दीपकच्या नावाचा रंग केव्हाच उडाला होता. यशोदाबाईंनी पदरानं धूळ पुसली आणि हारासाठी मागं वळल्या.

चौक रिकामा झाला होता. दादासाहेबांच्या गाडीमागं सगळे निघून गेले होते, आणि जाताना फ्लेक्सच्या गुंडाळीत हारही घेऊन गेले होते.