उलटं टांगलेलं पॅनल

रडारच्या कारखान्यात चाचणी विभागात एकालाच कायम करणार होते, आणि दावेदार दोन: वहिनी आणि तिचा दीर. दिराला तिथे चिकटवलं वहिनीनेच. त्याने उपकार फेडले ते साहेबांसमोर: "वहिनींचा हात चांगलाय, पण कॉम्प्युटरशी त्यांचं फारसं जमत नाही." वहिनी हसली होती. वाक्य मात्र तिने तारीखवार लक्षात ठेवलं.

त्यांचं रडार मान वळवत नाही. पॅनलवर हजारभर बारक्या अँटेना असतात. कुणी निमिषभर आधी बोलते, कुणी नंतर, आणि त्या फरकाने रडारच्या लहरींचा झोत हवा तिकडे वळतो. पण प्रत्येकीची खोड निराळी. ती मोजून दुरुस्त्यांची यादी रडारला द्यावी लागते. पॅनल उचलायच्या कड्या खालच्या अंगाला, म्हणून मोजताना ते उलटं टांगतात आणि यादी शेवटाकडून भरतात. हे कुठल्याच कागदावर नव्हतं. वहिनीच्या डोक्यात होतं.

दिराने यादी सुरुवातीपासून भरली. एकीचं औषध दुसरीला.

"वहिनी, जरा नजर टाकता? उद्या गिऱ्हाईक येतंय."

पहिल्याच ओळीवर तिला कळलं. ती सावकाश शेवटापर्यंत वाचत गेली.

"छान झालंय, भाऊजी. आम्हाला कुठलं इतकं नीटनेटकं जमायला."

दुसऱ्या दिवशी मैदानावर परातीएवढा पांढरा ड्रोन उडवला. गिऱ्हाइकाला दिसला, झाडूवाल्यालाही दिसला. रडारचा पडदा कोराच.

"झाडूवाल्यालाच छपरावर बसवू या का?" साहेबांनी दिराला विचारलं. दुपारच्या आत त्याचं ओळखपत्र काढून घेतलं.

वहिनीने दहा मिनिटांत यादी उलटी केली. मग काम अवघड दिसावं म्हणून संध्याकाळपर्यंत पॅनलमागे स्क्रू पिळत बसली. साहेबांनी तिथेच तिला कायम केल्याचं सांगितलं.

घरी दीर बूटही न काढता बसला होता.

"सोमवारी दुसरीकडे मुलाखत आहे, वहिनी. रडार का चाललं नाही ते विचारणारच. चुकलं कुठे माझं?"

वहिनीने त्याच्यापुढे चहा ठेवला.

"तुमचं काही नाही हो. मागचे कनेक्टर सैल होते. तेच सांगा, ठणकावून."

"कनेक्टर सैल होते," दीर म्हणाला. नीट पाठ व्हावं म्हणून त्याने ते पुन्हा एकदा म्हटलं.